अकरा घरांचा एक नंबर

पाण्याचा टँकर दारात उभा राहिला की मी आधी विचारायचे, "कुठलं पाणी?" ड्रायव्हर म्हणायचा, "विहिरीचं." मी म्हणायचे, "कुठल्या विहिरीचं?" तो गावाचं नाव सांगायचा. मग मी तांब्यात थोडं पाणी घेऊन वास घ्यायचे, तांब्या उन्हात धरून आत बघायचे आणि मगच हौदाचं झाकण उघडायचे. मागे रांगेत उभ्या असलेल्या बायका वैतागायच्या. एक जण तर तोंडावर म्हणाली होती, "अहो, पाणी घ्यायचंय, सोयरीक नाही जुळवायची."

हा स्वभाव माझ्या पदरी वंशपरंपरेने आला. पणजोबा निजामाच्या अमदानीत दफ्तरात कारकून होते, आजोबा तहसिलीत, वडीलही सरकारी कचेरीत. वडिलांचा एक नियम होता, सही करण्याआधी कागद उलटा करून मागची बाजू बघायची. मागे काही नसायचं, हे त्यांनाही ठाऊक असायचं. "काही नाही, हेसुद्धा आपण बघून ठेवलेलं बरं," असं ते म्हणत. लोकांनी दिलेल्या लग्नपत्रिकाही ते उलटून बघायचे. मी कॉम्प्युटर शिकले, घरातली पहिली बाई म्हणून नोकरीला लागले, पण कागद उलटण्याची खोड काही गेली नाही.

मी सांगते आहे ती दुष्काळाची सलग वर्षं होती. शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे. जायकवाडीत पाणी तळाला गेलेलं आणि इकडे बायपासच्या पलीकडे दर महिन्याला नवीन प्लॉटिंगचे फलक लागत होते. लोक आधी घर बांधायचे आणि मग पाणी शोधायचे. तिकडे नळाची लाइन नव्हती, बोअर कोरडे पडत होते. सगळी भिस्त टँकरवर.

उस्मानपुऱ्यात एका औषधांच्या दुकानावर दोन खोल्यांमध्ये आमचं ऑफिस होतं. बायपासपलीकडच्या वसाहतींनी एकत्र येऊन टँकर लावले होते आणि कुठल्या गल्लीत किती घरं, कुणाला किती ड्रम, कुठल्या दिवशी, ही यादी आम्ही तयार करून द्यायचो. दर घराला तिसऱ्या दिवशी दोन ड्रम. आम्ही तिघंच होतो. एक सर, म्हणजे ऑफिसचे मालक. त्यांना नवीन काहीही दिसलं की ते हवंच असायचं. दुसरी मी, मशीन सांभाळणारी. आणि तिसरे काका, जे दाराजवळच्या टेबलावर बसून लोकांच्या नोंदी लिहून घ्यायचे.

काका मूळचे लासूर स्टेशनचे. तिथल्या बाजारात ते मापाडी होते, धान्य मोजून देणारे. सलग दोन वर्षं पिकलंच नाही, मग बाजारात मोजायला काय येणार? मुलगा शहरात कंपनीत कंत्राटावर होता, त्याच्यामागे हेही आले आणि बायपासपलीकडे गुंठेवारीच्या एका गल्लीत दोन खोल्या बांधून राहिले. अक्षर सुरेख आणि घाई अजिबात नाही. नोंद लिहिली की ती मोठ्याने वाचून दाखवायचे, समोरचा "हो" म्हणाला की मगच पान उलटायचे. धान्य मोजतानाची सवय त्यांच्या तोंडून गेली नव्हती. काहीही मोजताना पहिल्याला ते "एक" म्हणत नसत, "लाभ" म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. कागदसुद्धा असेच मोजायचे. मला ते आवडायचं, पण विश्वास ठेवण्याइतकं मला कुणीच आवडत नसे.

आता थोडं मशीनबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आमच्या मशीनवर लिनक्स होतं. रोज सकाळी मी काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायचे आणि एक छोटं टूल काकांच्या सगळ्या नोंदी एकत्र करून, गल्लीवार लावून, ड्रायव्हरसाठी यादी छापून द्यायचं. नोंदीतल्या फोन नंबरांवर "आज टँकर येणार" असा संदेशही त्यातूनच जायचा. असं टूल मशीनवर आणायचे दोन रस्ते असतात. पहिला रस्ता सिस्टीमच्या स्वतःच्या भांडारातून. तिथे माणसं बसलेली असतात, आलेलं प्रत्येक टूल तपासतात, बाकीच्या टूलांशी त्याचं पटतं का बघतात आणि मगच आत घेतात. त्यामुळे तिथलं सगळं जुनं असतं, पण खात्रीचं. दुसरा रस्ता त्या त्या भाषेच्या इन्स्टॉलरचा. आमचं टूल पायथन भाषेतलं होतं आणि पायथनचा आपला वेगळा इन्स्टॉलर आहे. तिथे ज्याने टूल लिहिलं तो थेट आणून मांडतो. ताजं मिळतं, पण मांडणारा कोण, कुठला, हे तुमचं तुम्ही बघायचं.

सर पहिल्या रस्त्याला "तुमचं ते रेशनचं दुकान" म्हणायचे. मी दुसऱ्याला छावणीचा आठवडी बाजार म्हणायचे. कुणीही यावं, चादर अंथरावी, विकावं आणि पुढच्या आठवड्यात तो माणूस दिसेलच असं नाही. मी कपाटावर कागदच चिकटवला होता: "सिस्टीमच्या भांडाराबाहेरून काहीही आणायचं नाही." खाली माझी सही. सर त्या कागदासमोर उभे राहून हसायचे. "मॅडम, तुम्ही भाजी पण सरकारी घेता का?"

त्या उन्हाळ्यात सरांच्या डोक्यात टूलच्या नव्या आवृत्तीचं खूळ शिरलं. तिच्यात वेगळं सांगितलं तर यादीबरोबर नकाशाही निघायचा. भांडारात मात्र जुनीच होती. नवी फक्त बाजारात. आठवडाभर आमचं तेच चाललं होतं, ते म्हणायचे आणा, मी म्हणायचे नाही. शेवटी मला वाटलं, आपण तरी एकदा बघून घ्यावं, नुसतं नाही म्हणण्यापेक्षा खोट काढून नाही म्हटलेलं बरं. सर बाहेर गेले होते. मी नवी आवृत्ती भाषेच्या इन्स्टॉलरने आणली, पण सिस्टीममध्ये नाही, फक्त माझ्या स्वतःच्या फोल्डरमध्ये. जुनी काढली नाही. आमच्याकडे कुणीच काढत नाही. घरात नळ आला म्हणून बोअर बुजवत नाहीत आणि बोअर लागला म्हणून नळाची तोटी काढत नाहीत. एक गेलं तर दुसरं असावं, हा इथला शहाणपणा आहे आणि मी तो विचार न करता मशीनलाही लावला.

आणून झाल्यावर मी नेहमीची ओळ टाइप केली, तर जुनीच आवृत्ती बोलली. म्हटलं, हे काय? कुठे अडलं ते बघणार इतक्यात शेजारणीचा फोन आला. "नळ आलाय, आणि जोर कमी आहे."

ज्याने त्या वर्षांत इथे संसार केला त्याला यापुढचं सांगायला नको. नळ पाचव्या-सहाव्या दिवशी यायचा, कधी येईल ते कुणी सांगायचं नाही, आणि आला की ऑफिस, शाळा, पूजा, भांडण, जे चाललं असेल ते सोडून माणूस घरी पळायचा. मी पर्स उचलली, मशीन तसंच बंद केलं आणि जिना उतरले. हौद, बादल्या, पातेली, कुकरचं भांडंसुद्धा भरलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला आले तेव्हा टूलचं माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. आठवलं असतं तरी मी म्हटलं असतं, नवीन आलंच नाही, बरं झालं.

त्या सकाळी यादी छापली, ड्रायव्हर घेऊन गेले. दुपारी काका माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. ते सहसा माझ्या टेबलापाशी येत नसत.

"ताई, आमच्या गल्लीत आज एकच घर लागलंय कागदावर."

"म्हणजे?"

"अकरा घरं हायत. टँकरवाल्यानं दोन ड्रम भरले आन् गेला. म्हणला, यादीत येवढंच हाय."

मी यादी उघडली. खरंच, त्या गल्लीपुढे एकच घर होतं, पहिलं. तळाला टूलने एक ओळ लिहिली होती की दहा दुबार नोंदी काढून टाकल्या. ही ओळ मी आधी कधी पाहिली नव्हती. मी मूळ नोंदी काढल्या. अकरा घरं, अकरा वेगवेगळी नावं आणि सगळ्यांपुढे फोन नंबर एकच. टूलने सरळ हिशोब केला होता, नंबर एक म्हणजे घर एक.

मी पुन्हा नंबर वाचला. तो मला पाठ होता.

"काका, हा नंबर कुणाचा?"

"माझाच हाय की."

"अकराही घरांना?"

"व्हय." त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. "त्यायचे फोन लागत नायत, म्हणून. कुणाचं शिम दर महिन्याला बदलतं, कुणी दिवसभर साइटवर असतं. फोन येतो माझ्याकडं, मी दारोदार सांगून येतो."

"बरं," मी म्हणाले आणि मान हलवली.

त्या "बरं"मध्ये काहीच बरं नव्हतं. बायपासपलीकडे तेव्हा पाणी विकलं जात होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. खोटी घरं लावून जास्तीचे ड्रम उचलायचे आणि पुढच्या वसाहतीत विकायचे, असे किस्से रोज कानावर यायचे. नोंदी लिहिणारा माणूस स्वतः त्या गल्लीतला, नंबर त्याचाच, आणि पकडलं कुणी, तर टूलने. मी नीट विचारच केला नाही की काल जे टूल असं करत नव्हतं ते आज का करतंय. मनात आलं ते एवढंच की सकाळी सुरू होताना सिस्टीमने अपडेट घेतलं असेल. भांडारातून आलंय, म्हणजे कुणीतरी तपासूनच दिलं असणार. आयुष्यभर मी कशावर विश्वास ठेवला नाही, आणि ठेवला तो असा.

मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "अहो, काका तसे नाहीत." मी नोंदींचा कागद त्यांच्यापुढे ठेवला, एकाखाली एक अकरा वेळा तोच नंबर. कागदापुढे माणसाचं काय चालणार? ठरलं असं की चौकशी होईपर्यंत गल्लीला एकच घर धरायचं आणि तोवर काकांनी टेबलावर बसायचं नाही.

हे त्यांना सांगायचं काम सरांनी माझ्यावर ढकललं. मी सांगितलं तेव्हा काकांनी चष्मा काढला, पुसला आणि डबीत ठेवला.

"मापाड्याला माप चुकवलं म्हणलात, ताई," ते म्हणाले. "दुसरं कायबी म्हणायचं व्हतं."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"नाय म्हणलात. लिहून दिलंत."

ते गेले. अकरा घरांचं पाणी दोन ड्रमांवर आलं होतं आणि मला त्या दिवशी त्याचं काही वाटलं नाही, हे मी आज कबूल करते. चोर सापडला की माणसाला फार स्वच्छ वाटतं. घरी गेल्यावर मी नवऱ्याला ते रंगवून सांगितलं. तो म्हणाला, "तू गल्ली बघून आलीस का?" वडिलांचाच नियम तो मला आठवून देत होता. कागदाची मागची बाजू मी बघितली नव्हती.

मधे एक टँकर होऊन गेला होता. त्याच्या पुढच्या टँकरच्या सकाळी मी स्कूटी घेऊन निघाले. काकांची गल्ली सापडायला वेळ लागला. रस्ता असा नव्हताच, खडी आणि धूळ. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या आडोशाला मी उभी राहिले, हातात उगाच बिस्किटाचा पुडा.

टँकर आला. ड्रायव्हरने यादी पाहिली, गल्लीच्या तोंडाशी ठेवलेले दोन ड्रम भरले आणि पाइप गुंडाळून गेला. मग काका आले, हातात स्टीलची कळशी घेऊन. मागे बायका, पोरं, एक म्हातारे गृहस्थ, प्रत्येकाकडे आपापलं भांडं. कुणी ढकलत नव्हतं. काकांनी पहिली कळशी काठोकाठ भरली, पहिल्या बाईच्या भांड्यात ओतली आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "लाभ!" मग "दोन". मग "तीन". प्रत्येक वेळी कळशी तेवढीच भरायची, वर बोट फिरवून पाणी समतल करायचं, जसं धान्याच्या मापावर हात फिरवतात तसं. दहा झाल्यावर त्यांनी स्वतःच्या सुनेच्या घागरीत ओतलं आणि म्हणाले, "अकरा." पुन्हा लाभपासून सुरुवात. दोन फेऱ्या झाल्या. तळाला उरलं ते त्यांनी एका दारात नेऊन दिलं, तिथे बाळंतीण होती.

आणि मला काय वाटावं? मला वाटलं, यांनी माझी स्कूटी ओळखली असेल, म्हणून हे चाललंय. अकरा घरं समोर दिसत होती, अकरा दारं, अकरा उंबरे, आणि मी मात्र तमाशा कुणासाठी चाललाय ते शोधत होते. काका आत गेल्यावर मी पहिल्या दाराशी गेले आणि टँकरच्या ऑफिसातून आले म्हणून सांगितलं. विचारलं, "तुमचा फोन नंबर काय?"

ती बाई भांड्यावर फडकं बांधत होती. "आमचा कुठला फोन? फोन काकांचा," ती म्हणाली. "ताई, पाणी का कमी केलं हो? काकांना इचारलं तर म्हणतात, माझ्याच हातून काय चुकलं आसंल."

मी तिथून निघाले. बायपासला स्कूटी बाजूला घेऊन थांबले. माझ्याविरुद्ध एक शब्द त्या माणसाने गल्लीत सांगितला नव्हता. मला माझी लाज वाटली, खूप वाटली. पण स्वभावाला औषध नाही. घरं खरी आहेत, मग यादी कापली कुणी, हा प्रश्न उरलाच, आणि सिग्नल ओलांडेपर्यंत मला त्याचं उत्तरही सापडलं होतं. सर! नवी आवृत्ती हवी म्हणून हट्ट कोण धरून बसलं होतं? मी जेवायला गेले की माझ्या खुर्चीत कोण बसतं? उस्मानपुऱ्यात पोचेपर्यंत सरांना काय काय सुनवायचं त्याची वाक्यं मी जुळवून ठेवली होती.

सर आपल्या टेबलावर चहा पीत होते. मी त्यांच्याकडे न बघता मशीन सुरू केलं. आधी पुरावा, मग तोंड, ही आमच्या घराची रीत. काळ्या खिडकीत एक अगदी साधी कमांड असते. तिच्यापुढे टूलचं नाव लिहिलं की मशीन सांगतं, या नावाने हाक मारल्यावर जे धावून येतं ते कुठून येतं. टँकरवाल्याला मी रोज विचारायचे तोच प्रश्न. मशीनला मी तो एकदाही विचारला नव्हता.

टाइप केलं. उत्तराची एकच ओळ आली. भांडारातून आलेलं टूल सिस्टीमच्या फोल्डरमधून बोलतं. हे तिथून बोलत नव्हतं. ओळीतला पहिला शब्द होता "होम", म्हणजे घर. आणि त्याच्या पुढचा शब्द माझं नाव होतं.

मग फाइलची तारीख पाहिली. नळ आला होता तो दिवस. आता सगळं उलगडलं. मशीन एका नावाचं टूल ठरलेल्या क्रमाने फोल्डर-फोल्डर शोधत जातं आणि पहिलं सापडलं की तिथेच थांबतं, पुढे बघत नाही. माझं नवं फोल्डर त्या दिवशी रांगेत नव्हतं, म्हणून जुनीच आवृत्ती बोलली होती. दुसऱ्या दिवशी मशीन नव्याने सुरू झालं तेव्हा ते रांगेत आलं, आणि सर्वांत पुढे उभं राहिलं. एकाच नावाची दोन टूलं आणि दुसरं आणणारी मी. कपाटावर कागद, कागदावर माझी सही.

"काय झालं?" सरांनी विचारलं. "सापडला का चोर, तुमच्या रेशनच्या दुकानात?"

"नाही," मी म्हणाले. "घरात."

त्यांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, त्याचं मला जास्त लागलं. मी ते बाजारचं टूल काढून टाकलं, जुन्याने यादी पुन्हा काढली, गल्लीत अकरा घरं आली. ड्रायव्हरला फोन करून त्याच दिवशी दुपारी जादा फेरी लावली आणि टँकरच्या मागोमाग मीही गेले.

काका ओट्यावर बसून पत्रा ठोकून ड्रमचं झाकण नीट करत होते. मी समोर बसले. सांगताना आडवळणं घेतली नाहीत. एकाच नावाची दोन होती, दुसरं मी आणलं, आणून विसरले, आणि त्याने तुमची दहा घरं कापली. काकांनी हातोडी खाली ठेवून ऐकून घेतलं.

"म्हंजे खोट तुमच्या घरात व्हती."

"हो."

"आन् झडती माझी घेतली."

"हो."

त्यांच्या सुनेने पेल्यातून पाणी आणलं. गेला आठवडाभर ज्या घरात फेरीला दोन कळशा आल्या होत्या, त्या घरातलं पाणी. मी पेला हातात घेतला आणि सवयीने नाक खाली गेलं. वर पाहिलं तर काका माझ्याकडेच बघत होते. मी घटाघटा सगळं प्यायले. मचूळ होतं.

"माफ करा काका."

"माफ काय त्यात. पाणी आलं ना आता." गल्लीत ड्रम भरत असल्याचा आवाज येत होता. त्यांनी झाकण उचलून बाजूला ठेवलं. "येवढं करा. माझा नंबर काढा त्या यादीतून."

"मग टँकरचं कळणार कसं इथे? कुणाला कळवायचं?"

"ते तुमी बघा. लासूरला मी तीस वरसं मापलं. कुणी माझ्या हाताकडं बघितलं नाय, समदे धान्याकडं बघायचे. हितं माझ्या नंबराकडं बघितलं गेलं. आता तो नंबर तिथं नगं." मग जरा नरमून म्हणाले, "तुमच्यावर राग नाय. पन टेबलावर बी नाय यायचो."

मी पुष्कळ विनवलं. त्यांनी पुन्हा हातोडी उचलली.

ऑफिसात येऊन मी अकरा नोंदींतून त्यांचा नंबर पुसला. नंबराचा रकाना रिकामा ठेवून नोंद होत नव्हती, जुन्या टूलातही नाही. मग एकामागून एक अकरा घरांपुढे स्वतःचा नंबर टाकला.

तेव्हापासून दर तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर एकदम अकरा संदेश यायचे, आज टँकर येणार. मग मी त्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन करायचे आणि दुकानदार गल्लीत हाळी द्यायचा. त्याचा फोन लागला नाही तर स्कूटी काढायचे. घरात यावरून खूप थट्टा झाली. काका कधी दिसले तर हात जोडायचे, काय ताई, बरं हाय ना, एवढंच. ऑफिसात पुन्हा आले नाहीत.

वर्षभराने काकांच्या टेबलावर एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, आधी एका बँकेत होत्या, कामाला चोख. पहिल्या आठवड्यात त्यांनी सगळ्या जुन्या नोंदी वाचून काढल्या आणि एका दुपारी छापील कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या.

"ताई, एक विचारू? या गल्लीत अकरा घरं आहेत, पण नंबर सगळ्यांना एकच आहे. हा कुणाचा?"

"माझा," मी म्हणाले.

"अकराही घरांना?"

"हो. त्यांचे फोन लागत नाहीत, म्हणून," मी सांगायला लागले. पुढे दारोदार सांगण्याचं, सिमकार्डांचं, किराणा दुकानाचं सगळं सांगितलं. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरं," त्या म्हणाल्या आणि मान हलवली. मग जाता जाता हातातला कागद उलटा करून त्यांनी मागची बाजू पाहिली.